येतानाचं वजन

मी आयुष्यात बर्फ पाहिला तो दोनच ठिकाणी, गोळेवाल्याच्या गाडीवर आणि करावे गावच्या मासळी बाजारात. तरीही अकरा हिवाळे मी ऐरोलीत बसून, बर्फाच्या डोंगरांवर गाड्या उडवणाऱ्या लोकांना त्यांच्या गाडीचं मागचं सस्पेन्शन कोणतं घ्यावं हे सांगत होते. हे ऐकून माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "पण तुम्हाला त्यातलं कळायचं का हो?" कळायचं. पोट ज्यावर चालतं ते न पाहिलेलंही कळायला लागतं. एक गोष्ट मात्र वेळेवर कळली नाही, आणि खरं तर तीच सांगायला हा लेख लिहायला बसले आहे.

कॉल सेंटर म्हटलं की लोकांना रात्रपाळी आठवते. आमचं टेबल पहाटेचं होतं. पावणेपाचला जुईनगरला गाडी घ्यायला यायची आणि साडेपाचला मी हेडफोन लावून बसलेली असायची. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच म्हणजे सातासमुद्रापलीकडे, आमच्या गिऱ्हाइकांच्या डोंगरी भागात आदल्या दिवशीचे संध्याकाळचे पाच. तिकडचे लोक कामावरून घरी येऊन गॅरेजमध्ये गाडी उघडून बसायचे, आणि मग त्यांना प्रश्न पडायचे. ज्या दुकानाचं काम आम्ही करायचो ते तिकडचं, या गाड्यांचे सुटे भाग विकणारं. फोन उचलणारे आम्ही चौघं. मला तिथे घेतलं कारण त्याआधी मी तुर्भ्याच्या एका गोदामात दुचाकींच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरची आवक-जावक सांभाळत होते. मुलाखत घेणाऱ्याला स्प्रिंग आणि शॉक यांतला फरक माहीत असलेली मीच एक भेटले असणार.

आता ही वस्तू काय आहे ते सांगते. बर्फावरच्या या गाडीला चाकं नसतात. पुढे दोन स्की असतात आणि मागे रुंद रबरी पट्टा फिरतो, रणगाड्याला असतो तसा. त्या पट्ट्याच्या पोटात एक चौकट बसवलेली असते. दोन लांब धातूच्या पट्ट्या, त्यांना गाडीशी जोडणारे दोन हात आणि त्यांच्यामध्ये दोन शॉक. हेच मागचं सस्पेन्शन. गाडी नवी घेतली की ते कंपनीचं येतंच. पण डोंगरात वर गेलं की हवा विरळ होते आणि इंजिन दमतं, म्हणून हौशी लोक टर्बो बसवतात. टर्बो इंजिनात हवा कोंबतो आणि गाडीची ताकद बेसुमार वाढते. मग कंपनीचं सस्पेन्शन पुरत नाही. ताकद दिली की सगळा भार मागे जातो आणि पुढच्या स्की बर्फावरून उचलल्या जातात.

हे मला नीट समजावलं रोशनने. रोशन आमचा टीम लीडर, करावे गावचा, घरी पिढ्यान्‌पिढ्या खाडीतली मासेमारी. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण मला शिकवताना त्याने कधी ते जाणवू दिलं नाही. तो म्हणाला, "ताई, होडीत सगली मानसं मागं बसली का पुढचा भाग वर उचलतो. मंग वारा तिला पायजे तिकरं नेतो, आपल्या हातात काय ऱ्हात नाय. तसंच हाय ह्ये." त्यानंतर मला त्या दुकानाच्या पुस्तिकेतली एकही आकृती अडली नाही.

तर आमचं काम म्हणजे त्या माणसाला योग्य चौकट निवडून देणं. कुठलं मॉडेल, कुठल्या वर्षीचं, कारण त्यावर गाडीच्या पोटातली बोल्टची भोकं ठरतात. पट्ट्याची लांबी किती. टर्बो कंपनीचा की मागाहून बसवलेला. फिरता कुठे, भुसभुशीत बर्फात की घट्ट झालेल्या वाटेवर. शॉक हवेचे हवेत की स्प्रिंगचे. हवेचा शॉक हलका असतो आणि पंपाने कमीजास्त करता येतो, पण कडाक्याच्या थंडीत त्याचं सील रुसतं. स्प्रिंगचा जड, पण इमानी. यापूर्वी काही मोडलंय का, हेही विचारायचं. आणि सातवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, तुमचं वजन किती. अंगावरचे कपडे, बूट, हेल्मेट आणि पाठीवरची बॅग धरून.

इथेच सगळी गंमत होती. ही आडदांड माणसं जगातल्या कुठल्याही विषयावर खरं बोलतील, वजनावर नाही. एकाने मला एकशे ऐंशी पौंड सांगितलं. मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "लग्नाच्या दिवशी." मी दोनशे तीस लिहिलं आणि स्प्रिंग पाठवली. महिन्याने त्याचा मेल आला, स्प्रिंग अगदी बरोबर बसली म्हणून. एकाला सस्पेन्शन लाल रंगाचंच हवं होतं, ते त्याच्या गाडीला बसत नव्हतं तरी. मी तीनदा समजावलं, शेवटी म्हटलं की गाडीच्या पोटात ते कुणाला दिसणार आहे. तो म्हणाला, "मी उलटतो तेव्हा दिसतं." आणखी एक गृहस्थ दर वर्षी नोव्हेंबरमध्ये फोन करायचे, सातही प्रश्नांची उत्तरं द्यायचे, मी सुचवलेलं लिहून घ्यायचे आणि काहीही विकत घ्यायचे नाहीत. पाचव्या वर्षी मला कळलं की त्यांच्याकडे गाडीच नव्हती, ती कधीच विकलेली होती. त्यांचाही फोन मी शेवटपर्यंत पूर्ण ऐकून घेत असे. फोन लांबला म्हणून रोशन तक्त्यावर माझ्या नावापुढे लाल खूण करायचा आणि काही बोलायचा नाही.

माझं नाव सुमन. तिकडे मी 'सू' होते. बोलणं अर्थात इंग्रजीत चालायचं, इथे मी ते आपल्या भाषेत मांडते आहे.

माझ्या नोकरीच्या सातव्या वर्षी वॉल्टर यांचा फोन आला. वय साठीच्या पुढे, शाळेची बस चालवून निवृत्त झालेले, आवाज संथ. त्यांनी शेजाऱ्याकडून टर्बो लावलेली जुनी गाडी घेतली होती आणि चढावर तिच्या स्की उचलत होत्या. मी प्रश्न विचारायला लागले. या माणसाने पहिल्यांदा मला कोड्यात टाकलं, कारण त्यांनी सगळं खरं सांगितलं. वजन विचारलं तर म्हणाले, "थांबा." फोन बाजूला ठेवून, सगळे कपडे चढवून, बॅग पाठीला लावून वजनकाट्यावर उभे राहून आले. बॅगेत थर्मास भरलेला की रिकामा, हेही त्यांनी मला विचारून घेतलं. मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले. असं गिऱ्हाईक दहा वर्षांत एखादं मिळतं.

मी त्यांना हलकं, हवेच्या शॉकचं सस्पेन्शन दिलं. पुढच्या शॉकमध्ये हवा किती, मागच्यात किती, पुढचा हात धरून ठेवणारी वादी कितव्या भोकात आवळायची, सगळं लिहून पाठवलं. डिसेंबरात त्यांचा मेल आला. स्की आता जमिनीला धरून राहतात, म्हातारपणी गाडी पुन्हा आवडायला लागली, आभार. तो मेल मी छापून माझ्या टेबलापाशी लावला होता. मला त्याचा अभिमान होता, आणि तो लपवण्याचं काही कारणही नव्हतं.

फेब्रुवारीत एका पहाटे पहिलाच फोन त्यांचा. आवाज तसाच संथ होता, म्हणून मला आधी काहीच लक्षात आलं नाही. म्हणाले, "सू, मला आता स्प्रिंगचे शॉक हवे आहेत. पण या वेळी माझं वजन लिहू नका, दोघांचं लिहा."

मी विचारलं, "दुसरं कोण?"

मग त्यांनी सांगितलं. ते गावच्या शोधपथकात होते. डोंगरात कुणी हरवलं, पडलं, की पथकातले लोक आपापल्या गाड्या घेऊन निघत आणि सापडलेल्या माणसाला खाली आणत. पगार नाही, गणवेश नाही, नुसतं गावकीचं काम. त्या आठवड्यात एकोणीस वर्षांची एक मुलगी डोंगरात वाट चुकली होती. वॉल्टर यांना ती सापडली, पाय मोडलेला. जखमी माणसाला ओढून आणायची घसरगाडी दुसऱ्या गटाकडे होती आणि तो गट दरीच्या पलीकडे. थंडी वाढत होती. त्यांनी तिला मागे बसवलं, आपल्या कमरेला बांधून घेतलं आणि निघाले. मागे भार आला तशी गाडी मागून बसली. हलकं सस्पेन्शन प्रत्येक उंचवट्यावर तळाला आपटत होतं. हवा वाढवायचा पंप घरी, गॅरेजच्या खिळ्याला. एक ओढा ओलांडताना मागच्या शॉकचं सील गेलं आणि पट्टा गाडीच्या पोटाला घासून अडकला. बाकीचे येईपर्यंत चार तास दोघं तिथे बसून होते. मुलगी वाचली. थंडीने गोठलेली तिच्या डाव्या पायाची तीन बोटं काढावी लागली.

मी त्यांची जुनी नोंद उघडून सातही उत्तरं पुन्हा वाचली. फोनवर गप्प बसायची आम्हाला परवानगी नव्हती, मोजून काही सेकंदांनी पडदा लाल व्हायचा. तो लाल झाला.

मग मी म्हटलं, "तुम्ही मला सांगितलं नाहीत, की तुम्ही माणसं मागे बसवून आणता."

ते म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत. आणि मला सुचलं नाही. इतकी वर्षं आणतोय, पण ती माणसं मला कधी वजन वाटलीच नाहीत."

आवाजात दोष द्यायचा सूर अजिबात नव्हता. तो असता तर मी माझी बाजू मांडली असती, गाडी एकाच माणसासाठी असते, तिच्यावर तसं छापलेलं असतं वगैरे. मी त्यांना जड स्प्रिंगचे शॉक निवडून दिले, दोघांच्या वजनाचे. ते म्हणाले, यामुळे एकटा असताना गाडी कडक चालेल, चालू दे, माझ्या कमरेचं काय एवढं. फोन ठेवल्यावर मी टेबलापाशी लावलेला मेल काढून पर्समध्ये टाकला.

त्या दुपारी घरी येऊन आबांना सांगितलं. आबा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडून आलेले, बाजारात माथाडी म्हणून आयुष्य काढलं. मिरची, कांदा, साखर, सगळ्याची पोती त्यांच्या पाठीवरून गेलेली. आता पाठ वाकली आहे पण जीभ सरळ आहे. जेवता जेवता त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बर्फ, टर्बो, सील, यातलं त्यांना किती समजलं कोण जाणे. हात धुऊन आले आणि म्हणाले, "आगं, जाताना किती वझं हाय त्ये इचारलंस. येताना काय आनतोय त्ये इचारलं न्हाईस."

मी म्हटलं, "आबा, तशी पद्धत नाही तिथे."

"आमच्यात हाय," ते म्हणाले. "खेप धरायच्या आधी आमी इचारायचो, येताना मोकळं यायचं का भरून. त्याच्यावर पाय ठरतो. पहिल्या फेरीला समदा जोर लावला तर परतीला गुडघं ऱ्हात न्हाईत."

चाळीस वर्षं हे वाक्य माझ्या घरात बोललं जात होतं. दर संध्याकाळी कुणी ना कुणी माथाडी आमच्या दारात बसून खेपांचं बोलायचा. मी ते ऐकत अभ्यास केला, नोकऱ्या केल्या, आणि ज्या दिवशी विचारायचं त्या दिवशी पुस्तिकेतले सात प्रश्न विचारून मोकळी झाले. मला स्वतःची लाज वाटली. आजही वाटते.

दुसऱ्या दिवसापासून मी आठवा प्रश्न विचारायला लागले. परत येताना मागे कुणी असतं का, काही असतं का? पुस्तिकेत तो नव्हता. गिऱ्हाइकं आधी चक्रावायची, मग सांगायला लागायची. एक जण दर रविवारी बायकोला डोंगरातल्या झोपडीतून खाली आणायचा, जाताना ती वेगळी जायची कारण सकाळी दोघांचं पटत नसे. एक जण म्हातारा कुत्रा आणायचा, तो वर चालत जायचा पण उतरायला तयार नसायचा. कुणी लाकडं, कुणी शिकार, कुणी फिरायला आलेल्या पाहुण्यांची नादुरुस्त गाडी दोरीने ओढत. आणि शोधपथकातले तर मला दर हंगामात तीन-चार भेटायला लागले. ते आधीही भेटत असणार, मी विचारत नव्हते इतकंच. अशा प्रत्येकाला मी हलकं सोडून जड घ्यायला लावलं. काही वैतागले, पण एकानेही माल परत पाठवला नाही.

रोशनला माहीत होतं की माझा फोन यामुळे लांबतो. एकदा वरून विचारणा झाली तेव्हा तो म्हणाला, "ताईंचं गिराईक परत तक्रार घेऊन येत नाय ना, मंग ऱ्हाऊ द्या." असे टीम लीडर आता मिळत नसावेत.

चार वर्षं असं चाललं. मग दुकानाने ठरवलं की निवड करायला माणसं नकोत. गिऱ्हाइकाने वेबसाइटवर एक फॉर्म भरायचा आणि यंत्राने सस्पेन्शन सुचवायचं. यंत्राला शिकवायला आमचे जुने फोन, आमच्या नोंदी आणि आमचे प्रश्न. मी आणि रोशन दोघांनी मिळून ते प्रश्न लिहून दिले. कुणी विचारतं, आपल्याच हाताने आपलं काम कसं दिलंत. आम्ही नसतं दिलं तर दुसऱ्या टेबलाने दिलं असतं, आणि वाईट दिलं असतं. मला वाटत होतं, निदान आठवा प्रश्न तरी त्यात राहील.

तिकडच्या वकिलाने तो काढला. कारण मेलमध्ये व्यवस्थित दिलं होतं. गाडी एकाच माणसासाठी आहे. मागे कुणी बसतं का असं विचारणं म्हणजे लोक बसवतात हे आम्हाला माहीत आहे असं कबूल करणं. म्हणून प्रश्नाच्या जागी एक चौकोन आला, मी एकटाच बसतो हे मला मान्य आहे. त्यात खूण केल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही.

त्यावर एक बैठक झाली. पडद्यावर तिकडची तीन माणसं, इकडे मी आणि रोशन. मी वॉल्टर यांची हकिगत सांगायला सुरुवात केली. पडद्यावरच्या बाई फार सभ्यपणे म्हणाल्या, त्या घटनेबद्दल वाईट वाटतं, पण नेमकं म्हणूनच हा चौकोन हवा. मला त्यांचं म्हणणं कळत होतं. उत्तरही माझ्याकडे होतं. शोधपथकातला माणूस त्या चौकोनात खूण करणारच, कारण फॉर्म पुढे जायला हवा, आणि मागे बसवलेली माणसं त्याला वजन वाटत नाहीत. एवढंच म्हणायचं होतं. रोशन माझ्याकडे बघत होता, मी बोलेन म्हणून. पण त्या आठवड्यात टेबल बंद व्हायचं पत्र आलं होतं, अकरा वर्षं पहाटे उठून मी दमले होते, आणि मला घरी जायचं होतं. मी होकारार्थी मान हलवली. बाई म्हणाल्या, "छान, मग सगळ्यांचं एकमत आहे."

आता मी घरी असते. सकाळी साडेपाचला जाग येतेच, काम नसलं तरी. रोशन दुसऱ्या कंपनीत गेला, कधीमधी करंदी नाहीतर बोंबील घेऊन येतो. वॉल्टर यांचं काय चाललं आहे मला माहीत नाही. गिऱ्हाइकांचे पत्ते घरी नेता येत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

गेल्या महिन्यात फॉर्म सुरू झाल्याचं रोशनने कळवलं. माझ्या मुलीच्या लॅपटॉपवर मी तो उघडला आणि वॉल्टर होऊन भरला. मॉडेल, वर्ष, पट्ट्याची लांबी, शेजाऱ्याने लावलेला टर्बो, भुसभुशीत बर्फ. वजन कपडे, बूट, हेल्मेट, बॅग आणि भरलेल्या थर्माससकट, मला तो आकडा अजून पाठ आहे. एकटाच बसतो, खूण. शेवटी एक मोकळी जागा होती, आणखी काही सांगायचं असल्यास. त्यात मी लिहिलं, शोधपथकात आहे, परत येताना मागे जखमी माणूस असतो. बटण दाबलं. मला फोनवर पाऊण तास लागला होता, त्याला तेवढे सेकंदही लागले नाहीत. हलकं, हवेच्या शॉकचं. वॉल्टर यांना पहिल्यांदा मीच पाठवलेलं होतं ते, त्याच नंबरचं, हवेचे आकडेसुद्धा माझेच. मोकळ्या जागेतलं मी खोडून पुन्हा भरलं, मग ते सगळं काढून टाकलं. उत्तर बदललं नाही.

आबा खुर्चीत बसून बघत होते. त्यांना दिसतं कमी, पण पडद्यावरची हिरवी खूण दिसली असावी.

"काय म्हनतंय मशीन?" त्यांनी विचारलं.

"मी म्हटलं होतं तेच म्हणतंय."

"म्हंजी शिकलं की तुज्यासारखं," ते म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलं होतं, लेकीचं काहीतरी मागे राहिलं म्हणून.

मी लॅपटॉप मिटला. "हो आबा," मी म्हणाले. "अगदी माझ्यासारखं."